विज्ञानकादंबरी आणि रुपेरी पडदा

1973 साली यवतमाळ येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षस्थान ग. दि. माडगूळकर यांनी भूषविले. माडगूळकर जितके कवी तितकेच पटकथाकार. पडद्यासाठी लिहिणे हेही वाङ्मयच होय, याची जणू त्या निवडीने ग्वाही दिली. पुढच्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आलेली 'कृष्णविवर' ही कथा पहिली ठरली. तिचे लेखक डॉ. जयंत नारळीकर. 2021 साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पडदा व विज्ञानकथा या दोघांसही साहित्याच्या पंगतीत असा मानाचा पाट मिळाला. परंतु या दोहोंची परस्परांशी सोयरीक मात्र मराठीत नीटशी जुळली नाही. सुजय डहाके यांनी मिलिंद बोकिलांच्या 'शाळा' या कादंबरीस पडद्यावर आणले. पण 2016 साली 'फुंतरू' हा विज्ञानपट काढताना त्यांनी कादंबरीचा आधार घेतला नाही.

याचे कारण विचारता पैशाकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. आम्हांस ते पुरते पटत नाही. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 1968 सालच्या '2001: अ स्पेस ओडिसी'वर खर्च अफाट झाला हे खरे, तथापि त्यातील 'हॅल' हे यंत्र प्रेक्षकाच्या मनात भीती उत्पन्न करते ते एका तांबड्या दिव्याने आणि शांत, विनयशील आवाजाने. एवढे साहित्य गरिबासही परवडावे.

खरी अडचण निराळी आहे. विज्ञानकादंबरीचा प्राण 'असे झाले तर?' या एका प्रश्नात आणि त्यातून निघणाऱ्या परिणामांच्या अखंड साखळीत असतो. वाचक अडला तर पान मागे उलटतो. प्रेक्षकास ती सोय नाही. म्हणून पटकथाकार चमत्कार ठेवतो व साखळी तोडतो. मग उरतो तो निव्वळ जादूचा खेळ.

नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी घ्या. खोल खोदकामात एका लुप्त संस्कृतीची पेटी सापडते. तिच्यातील ज्ञानाच्या बळावर वामन नावाचा यंत्रमानव घडविला जातो, आणि त्यास आपल्यासारखेच दुसरे वामन घडविण्याची इच्छा होते. हे खोदकाम कोणी यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या उघड्या कोळसा खाणीत नेऊन दाखविले तर कादंबरीची काही हानी होणार नाही. उलट खाणीच्या काळ्या पायऱ्याच अर्धे काम करतील. परंतु पेटीपासून वामनापर्यंतची एकही पायरी गाळता येणार नाही. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणाऱ्या बटूची आठवण नावातच आहे. ते तिसरे पाऊल कोठे पडणार, ही धास्ती क्रमाक्रमानेच वाढावयास हवी.

मूळ कृतीस शब्दशः चिकटून राहावे, असा मात्र आमचा आग्रह नाही. तार्कोव्हस्की यांनी 1972 साली 'सोलारिस' पडद्यावर आणताना पृथ्वीवरचे घर आणि अपराधाची खंत यांस मोठे स्थान दिले. मूळ लेखक स्टानिस्लाव्ह लेम यांस ते रुचले नाही. मानवी ज्ञानाच्या मर्यादा हा त्यांचा विषय. तरीही चित्रपट श्रेष्ठ ठरला, कारण एक साखळी सोडताना दिग्दर्शकाने दुसरी तितकीच घट्ट विणली.

पडद्याचे स्वतःचे सामर्थ्यही कमी नाही. नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत मनुष्य आपल्याच आरशातील प्रतिमेसारखा उलटा होतो. लेखकास हे शब्दांनी पटवून द्यावे लागते. पडद्यावर चित्र उलटविले की काम झाले! प्रथम ते कोणाच्या ध्यानीही येऊ नये, आणि मग मूर्तीच्या सोंडेकडे दृष्टी जाताच अंगावर काटा यावा. अशा कथेस आकाशयान लागत नाही.

'2001'च्या वेळी आर्थर क्लार्क आणि कुब्रिक यांनी कादंबरी व पटकथा एकमेकांशेजारी बसून रचली. नारळीकर 2025 च्या मे महिन्यात निवर्तले. त्यांस शंका विचारण्याची सोय आता उरली नाही. पुढे जो कोणी या कथा हाती घेईल त्यास मागे राहिलेल्या पुस्तकांसच विचारावे लागेल, आणि तीही सावकाश वाचावी लागतील.