साडेसहाची पैठणी

मराठी टीव्हीवर दिवसाउजेडी खेळ कधी रुजलाच नाही. अमेरिकेत वस्तूंच्या किमती ओळखायचा ‘द प्राइस इज राइट’ १९७२ पासून भरदिवसा चालू आहे. मुंबई दूरदर्शनही त्याच वर्षीचं, २ ऑक्टोबरचं. पण आपल्याकडे दुपार मोकळी झाली आणि मालिकांनी ती लगेच बळकावली: १९९४ ला ‘शांती’, तिच्यामागून ‘स्वाभिमान’. खेळांच्या वाट्याला आली रात्र. ३ जुलै २००० ला ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं तेही रात्री नऊला, घरातला कर्ता पुरुष जेवून टीव्हीसमोर बसला की. त्याच्या पाठोपाठ आलेले ‘सवाल दस करोड का’, ‘कमजोर कडी कौन’ फार टिकले नाहीत. प्रश्न अवघड, बक्षीस अवाढव्य आणि प्रेक्षक मात्र लांबून बघणारा.

झी मराठीने, म्हणजे तेव्हाच्या अल्फा मराठीने, १३ सप्टेंबर २००४ ला ‘होम मिनिस्टर’ आणलं, ते संध्याकाळी साडेसहाला. या वेळेची किंमत विरारजवळच्या चांदीपसारख्या गावात बरोबर कळते. नोकरीवर गेलेला माणूस विरार लोकलमधून उतरून पुढची रिक्षा किंवा एसटी पकडून घरी यायचा आठ-साडेआठला. साडेसहाला घरात आजी, सून आणि मुलं. देवापाशी दिवा लागलेला, कुकर अजून चढायचा. रिमोट कुणाच्या हातात, हा प्रश्नच नाही. जाहिरातदारांच्या लेखी ही वेळ दुय्यम, कारण खरा भाव रात्री आठनंतरचा. त्या दुय्यम वेळेत हा कार्यक्रम अठरा वर्षं टिकला. मध्ये भारनियमनाने निम्मे भाग खाल्ले तरी टिकला.

त्यातले खेळ म्हणाल तर बाळबोध. फुगे फुगवा, पेल्यांचा मनोरा रचा, जिंकलात तर पैठणी घ्या, तेवढंच. पण घरोघरी जाऊन हे खेळ घेणाऱ्या आदेश बांदेकरांनी एक गोष्ट अचूक हेरली होती. खेळ हे निमित्त. बाईला चार माणसांत, सासूच्या देखत, स्वतःबद्दल बोलू द्यायचं. लग्न कसं जमलं, शिकायचं काय राहून गेलं, नवऱ्याला कुठली भाजी आवडत नाही. ‘वहिनी’ म्हणून हाक मारणारा हा ‘भावोजी’ दिराच्या नात्याने थट्टा करू शकत होता आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतही होता. टीव्हीवर असं थांबणारा निवेदक विरळा. पुढे २००९ ला ते माहीममधून विधानसभेला उभे राहिले आणि हरले. घरोघरच्या वहिनी मतपेटीतही साथ देतात असं नाही, हे त्यांना तेव्हा कळलं असावं!

उतरती कळा नेमकी कधी लागली? माझ्या मते बक्षीस वाढलं तेव्हा. २०२२ च्या एप्रिलमध्ये ‘महामिनिस्टर’ आलं आणि अकरा लाखांच्या पैठणीची जाहिरात झाली. साधी पैठणी बाई नेसते, लग्नात मिरवते, जावेला एकदा वापरायला देते. अकरा लाखांची पैठणी नेसून कुठे जायचं? आपल्या आळीतल्या बाईची गंमत बघणारा प्रेक्षक एकाएकी सोडतीचा निकाल बघायला बसला. त्याच वर्षी सप्टेंबरात कार्यक्रमाने निरोप घेतला.

सगळा दोष त्या पैठणीवर टाकणंही बरं नाही. २०१५ पासून बार्कच्या टीव्ही-प्रेक्षकांच्या मोजणीत खेडी आली आणि दुपारची गावाकडची प्रेक्षक बाई आकड्यांत दिसू लागली. तिच्यासाठी वाहिन्यांनी खेळ आणले का? छे! मालिकाच आणल्या. स्टार प्रवाहने २०२२ ला ‘मुरांबा’ दुपारी दीडला लावली. झी मराठीने पुढच्या वर्षी ‘यशोदा’ दुपारीच दाखवली. मालिकेचा हिशेब सरळ आहे. तोच सेट, तेच कलाकार, आजचा भाग उद्या पुन्हा दाखवता येतो आणि मोबाइलवरही चालतो. खेळाचा निकाल एकदा कळला की शिळा. शिवाय रोज नवं घर, नवी सोसायटी, नवी परवानगी, नवी माणसं. आणि जो खेळ उरला त्यातून घरची बाई गेली. स्टार प्रवाहचा ‘आता होऊ दे धिंगाणा’ हाही २०२२ चाच. निवेदक सिद्धार्थ जाधवने त्यात धमाल उडवली, यात वाद नाही. पण खेळणारे वाहिनीच्याच मालिकांमधले कलाकार. म्हणजे खेळ झाला मालिकेची जाहिरात.

आणि तरी खेळ संपलेला नाही. नवरात्रात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, निवडणूक जवळ आली की वसई-विरारच्या कुठल्याही मैदानात ‘खेळ पैठणीचा’चा फलक लागतो. व्यासपीठावर इच्छुक उमेदवार, मागे त्याचाच हसरा फोटो. समोर कपाळावर बिस्किट ठेवून हात न लावता ते तोंडात सरकवणाऱ्या पाच जणी, नाकाचा शेंडा आणि भुवया वाकड्यातिकड्या करत. सूत्रसंचालक ‘भावोजी’च्याच थाटात बोलतो, उखाणा घ्यायला लावतो, टाळ्या वसूल करतो. मैदान भरतं, कारण इथे खेळणारी बाई शेजारची असते. मात्र उखाणा संपला की तिच्या तोंडासमोरचा माइक तो लगेच काढून घेतो. पुढची स्पर्धक उभी असते, उमेदवाराचं भाषण उरकायचं असतं आणि डीजेची वेळ दहापर्यंतच असते. बांदेकरांची नक्कल करणाऱ्यांनी त्यांचे हातवारे उचलले, हाक उचलली, पैठणी खांद्यावर टाकायची पद्धतही उचलली. पुढचा प्रश्न विचारणं मात्र कुणी उचललं नाही.