‘गणशत्रू’ : डॉक्टरांनी कळवलं कुणाला?

सत्यजित राय यांचा ‘गणशत्रू’ (१९८९) आम्ही शाळेच्या विज्ञान मंडळात नववी-दहावीच्या मुलांना दाखवला. बंगाली संवाद, इंग्रजी उपशीर्षकं आणि जवळजवळ सगळी गोष्ट चार भिंतींच्या आत घडणारी. मुलं कंटाळतील अशी धास्ती होती, पण ती कंटाळली नाहीत. चित्रपट संपल्यावर एका मुलीनं विचारलं, ‘‘सर, इतके पेशंट कावीळ होऊन आले, तर दवाखान्याच्या रजिस्टरात त्यांची नावं असतीलच ना? ते रजिस्टर कुणीच कसं मागितलं नाही?’’ डॉक्टर शूर की हट्टी, यावर चर्चा होईल असं धरून मी टिपणं काढून ठेवली होती. ती तशीच खिशात राहिली.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. चंडीपूर हे बंगालमधलं देवस्थानाचं गाव. तिथले डॉक्टर अशोक गुप्त (सौमित्र चॅटर्जी) यांना काविळीचे रुग्ण वाढलेले दिसतात. पाण्याच्या नळात मैला मिसळत असावा आणि मंदिराचं चरणामृतही त्याच पाण्याचं असल्यानं रोग पसरत असावा, असा त्यांचा संशय. पाण्याचा नमुना कलकत्त्याला जातो आणि दूषित ठरतो. दुरुस्ती होईपर्यंत मंदिर बंद ठेवा, असं ते सांगतात. नगरपालिकेचा अध्यक्ष त्यांचा सख्खा धाकटा भाऊ; तो ऐकत नाही. वर्तमानपत्र आधी लेख छापायला तयार होतं, मग कच खातं. जाहीर सभेत डॉक्टरांना बोलू दिलं जात नाही. उलट ‘तुम्ही हिंदू आहात का?’ असं विचारलं जातं. पुढं घरावर दगड येतात.

राय यांची प्रकृती तेव्हा नाजूक होती, त्यामुळं चित्रण बहुतेक घरात आणि कचेरीत झालं. समीक्षकांनी याला नाटकीपणा म्हटलं. मला तो दोष फारसा खुपला नाही. सभेचा प्रसंग तर वर्गात पुन्हापुन्हा दाखवावा असा आहे. पाण्याच्या प्रश्नाचा माणसाच्या श्रद्धेचा प्रश्न किती सहज करता येतो, ते तिथं दिसतं. मंदिराचे भार्गव चरणामृताची बाटली घेऊन येतात आणि तुळस असलेलं हे पाणी दूषित होणंच शक्य नाही असं शांतपणे सांगतात, तो प्रसंगही तसाच.

माझी तक्रार वेगळी आहे. चित्रपटाचा सगळा भार प्रयोगशाळेच्या एका कागदावर आहे. समजा, तो अहवाल ‘पाणी ठीक’ असा आला असता तर? डॉक्टर खोटे ठरले असते का?

हे उदाहरण हवेतलं नाही. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत नजफगड नाल्याचं सांडपाणी यमुनेतून वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचलं. जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरिन वाढवण्यात आलं. त्याचा उपयोगही झाला. विषमज्वर वा हगवण यांची साथ आली नाही. पण काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. जिवाणूंना मारायला पुरेसं ठरलेलं क्लोरिन विषाणूला पुरलं नव्हतं. (तो विषाणू आज आपण हेपॅटायटिस ई म्हणतो त्याचा होता, हे पुष्कळ वर्षांनी कळलं.) पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत आपण कोलिफॉर्म जिवाणू शोधतो. ते मैला मिसळल्याची खूण असतात. काविळीचा विषाणू त्या तपासणीत दिसत नाही. शिवाय हा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते नऊ आठवडे लागतात. म्हणजे रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा ज्या पाण्यानं तो आजारी पडला ते केव्हाच वाहून गेलेलं असतं. मागं राहतो तो पुरावा एकच : किती जण, कुठले, केव्हापासून. दवाखान्याचं रजिस्टर!

बरेच रुग्ण भुवनपल्लीचे आहेत, हे डॉक्टर गुप्तांच्या लक्षात आलेलं आहे. चित्रपट मात्र त्यापाशी थांबत नाही. रुग्णही पडद्यावर जवळजवळ दिसतच नाहीत.

मूळ नाटकात, म्हणजे हेन्रिक इब्सेनच्या १८८२ सालच्या ‘लोकशत्रू’त, हीच गोष्ट अधिक बोचरी आहे. डॉ. स्टॉकमन आरोग्यस्नानगृहाचे वैद्यकीय अधिकारी. आदल्या वर्षी तिथं आलेल्या पाहुण्यांमध्ये विषमज्वराचे आणि पोटाचे रुग्ण त्यांनी पाहिलेले असतात. पाहुणे रोग बरोबर घेऊनच आले असतील असं तेव्हा सगळ्यांनी धरलेलं असतं. म्हणजे आजाराची खबर वर्षभर जागीच पडून होती. आणि खबर द्यायची कुणाला? डॉक्टरांचा भाऊ पीटर नगराध्यक्ष आहे, पोलीसप्रमुख आहे आणि स्नानगृहाच्या समितीचा अध्यक्षही तोच. सूचना घेणारा आणि तिच्यामुळं नुकसान सोसणारा माणूस एकच. इब्सेननं ही गाठ नेमकी बांधली, पण नाटकाचं लक्ष एकट्या माणसाच्या ताकदीकडं वळतं. राय यांनी शेवट बदलला. त्यांचा डॉक्टर एकटा पडत नाही, बाहेर तरुण त्याच्या नावाच्या घोषणा देतात. मुलांना हा शेवट आवडला. मला वाटलं, उद्या सकाळी दवाखान्यात नवे रुग्ण येतील त्यांची नोंद या घोषणांनी कुठं पोहोचणार?

खऱ्या जगात अशी बातमी पोहोचलीही आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. त्यांनी ते महापालिकेच्या स्थायी समितीत सांगितलं, आणि त्या समितीचे ते स्वतः सभासद होते. त्यांना दार ठोठवावं लागलं नाही. पुढं १९०६ साली ते महापालिकेचे अध्यक्षही झाले. पण कळवण्याची दुसरी बाजूही तिथंच उघडी पडली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, घरांच्या झडत्या सुरू झाल्या, माणसं जबरीनं इस्पितळात नेली जाऊ लागली. मग लोक रुग्ण लपवू लागले. कळवल्यावर आपल्या माणसाचं काय होणार, याचं उत्तर वाईट असेल तर रजिस्टर कोरंच राहतं. चंडीपूरच्या लोकांच्या या भीतीबद्दल चित्रपट काहीच बोलत नाही.

त्या मुलीच्या प्रश्नाचं आजचं उत्तर फार रुक्ष आहे. २००४ साली आपल्या देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तीन तक्ते : आरोग्यसेविकेचा, डॉक्टरांचा आणि प्रयोगशाळेचा. पहिला नुसत्या लक्षणांवर भरायचा, दुसरा डॉक्टरांच्या अंदाजावर, तिसरा तपासणीनंतर. तपासणीचा कागद येईपर्यंत पहिले दोन अडत नाहीत, ही यातली हुशारी. ते दर आठवड्याला जात. २०२१ पासून ही माहिती संगणकावरून रोजच्या रोज पाठवायची व्यवस्था झाली. तक्त्यात मंदिराचं नाव घालावं लागत नाही आणि कुणावर आरोपही करावा लागत नाही. गेल्या आठवड्यात दोन होते, या आठवड्यात अकरा, एवढंच. डॉक्टर गुप्तांना असा तक्ता मिळाला असता तर चित्रपट वीस मिनिटांत संपला असता! अर्थात तक्ता वाचणाऱ्यानंही तो फाईलला लावून ठेवला असता, तर मात्र इब्सेनला पुन्हा बोलवावं लागलं असतं.

हे सगळं मी वर्गात सांगितलं. मग तीच मुलगी म्हणाली, ‘‘आपल्याकडंही रजिस्टर आहे की, सर.’’ तिला हजेरीपत्रक म्हणायचं होतं. मी त्या दिवशी घरी जाण्याआधी मागच्या पावसाळ्याचं हजेरीपत्रक काढलं. माझ्याच वर्गातली चार मुलं तीन आठवड्यांच्या आत गैरहजर झाली होती. चौघांच्याही पालकांनी चिठ्ठीत ‘कावीळ’ लिहिलं होतं, हे मला आठवत होतं. चौघं एकाच वाडीतली, एकाच टाकीचं पाणी पिणारी. माझ्या अक्षरात चारही नावांपुढं ‘आजारी’ एवढंच होतं. प्राथमिक आरोग्य केंद्र आमच्या शाळेपासून पायी दहा मिनिटांवर आहे.