‘बिदू-चांदन’ : लिपी आणि नाटक

प्रौढसाक्षरतेची चर्चा आपल्याकडे बहुधा शिक्षणशास्त्राच्या कक्षेतच राहते. वाङ्मयसमीक्षेने तिच्याकडे क्वचितच पाहिले आहे. पंडित रघुनाथ मुर्मू यांच्या ‘बिदू-चांदन’ या संथाळी नाटकापुढे मात्र ही वाटणी टिकत नाही. तत्कालीन मयूरभंज संस्थानातील दांडबोस येथे १९०५ साली जन्मलेल्या मुर्मूंनी १९२५ मध्ये ‘ओल चिकी’ ही तीस अक्षरांची लिपी सिद्ध केली, आणि पुढे तिलाच नाट्यवस्तूत गुंफले. मानवरूपाने पृथ्वीवर आलेली बिदू आणि चांदन ही दैवते एकमेकांशी लिहून बोलता यावे म्हणून हीच लिपी घडवतात.

या कल्पनेचे मोल जाणण्यासाठी संथाळांचा अक्षराशी आलेला पूर्वसंबंध ध्यानी घ्यावा लागतो. त्यांच्यातील कित्येकांना अक्षर प्रथम भेटले ते सावकाराच्या वहीत. ज्याला ती वही वाचता येत नव्हती त्याच्या नावावर कर्ज फुगत गेले. १८५५ च्या ‘हूल’मागे हे खोटे हिशेबही होते. सही शिकवणारी साक्षरता अशा माणसाला फसवणुकीपासून वाचवील, आणि तेही थोडके नव्हे. परंतु मुर्मूंच्या नाटकात अक्षर अवतरते ते प्रियजनाला धाडायच्या निरोपाच्या रूपाने. निरक्षर प्रेक्षकाला तो निरोप वाचता येत नाही. तो कोणी कोणासाठी लिहिला, हे मात्र पुरते उमगते. शिकण्याची ओढ येथे उत्पन्न होते, उपदेशातून नव्हे. आपल्या बऱ्याच नवसाक्षर-पुस्तिकांत हेच हरवलेले असते: रात्र रात्र कथा सांगू शकणाऱ्या माणसाच्या हाती त्या बाळबोध वाक्ये ठेवतात!

पुढे संथाळ संघटनांनी गावोगावी या लिपीचे वर्ग चालविले. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी आठव्या अनुसूचीत आली. तथापि एक अडचण उरतेच. संथाळी आजही बंगाली, ओडिया, देवनागरी आणि रोमन लिप्यांतही लिहिली जाते. ज्या १९२५ साली ओल चिकी जन्मली, त्याच साली पी. ओ. बोडिंग यांच्या संथाळी लोककथासंग्रहाचा पहिला खंड ओस्लोत रोमन लिपीत छापला गेला. केवळ ओल चिकी शिकलेल्या प्रौढाला आपल्याच आजोबा-पणजोबांच्या तोंडच्या त्या कथा, लिप्यंतर झाल्याखेरीज, मूळ पुस्तकातून वाचता येत नाहीत.