बेरीज जुळत नाही

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं : ‘सीमॉस चेकसम एरर – डिफॉल्ट्स लोडेड’. तळाशी ‘प्रेस एफ१ टू कंटिन्यू, डेल टू एंटर सेटअप’. अवॉर्ड बायोसच्या जुन्या डेस्कटॉपवर हे एकदा उमटलं की रोज सकाळी उमटतं. लोक एफ१ दाबून मोकळे होतात. मला मात्र ते थांबून वाचावंसं वाटतं. संगणक इतकं तोलूनमापून क्वचितच बोलतो.

चेकसम म्हणजे बेरीज. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीत घड्याळाची एक सीमॉस चिप आली, मशीन बंद असतानाही सेलवर जागी राहणारी. तिच्या ६४ बाइटांपैकी १४ घड्याळाचे. उरलेल्यांत डिस्क कोणती, मेमरी किती असल्या नोंदी आणि शेजारीच त्यांची बेरीज. मशीन सुरू करणारा प्रोग्राम, म्हणजे बायोस, ती दरवेळी पुन्हा मारून बघतो. वाण्याच्या यादीची बेरीज चुकली, तर घोळ साखरेत आहे की तेलात, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही, तसंच हे. म्हणून हा संदेश सेलचं नावही घेत नाही. बहुतेक वेळा दोष सेलचाच, हे दुरुस्तीवाला कॅबिनेट न उघडता सांगेल. बायोसच्या हाती तेवढा पुरावा नाही, आणि पुराव्यापलीकडे तो अक्षर काढत नाही.

‘डिफॉल्ट्स लोडेड’ची तऱ्हा वेगळी. इथे विचारणं नाही, काम उरकून कळवणं आहे. काय काय पुसलं, तेही सांगत नाही. डिस्क एएचसीआय पद्धतीने चालत होती आणि मदरबोर्डाचं मूळ सेटिंग जुन्या आयडीई पद्धतीचं असेल, तर विंडोज ७ थेट निळ्या पडद्यावर आपटते. तारीख काही वर्षं मागे जाते. मग ब्राउझर वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही म्हणून अडून बसतो, आणि घरचे इंटरनेटवाल्याला फोन लावतात.

खरा कच्चा दुवा ‘कंटिन्यू’. एफ१ने काहीही दुरुस्त होत नाही. डेल दाबून आत जावं, तारीख, डिस्क नीट लावून एफ१०ने सेव्ह करावं आणि रीस्टार्ट द्यावा. आता संदेश आला नाही, पण रात्री भिंतीवरचं बटण बंद केल्यावर सकाळी आला, की निदान झालं. बटण चालू असेपर्यंत चिपला पॉवर सप्लायची थोडी वीज मिळत राहते. ते बंद झालं, की सगळी भिस्त सेलवर. झोपण्याआधी भिंतीवरची सगळी बटणं बंद करणाऱ्या आपल्या घरांत हा सेल अंमळ लवकरच उतरतो.

सेल सीआर२०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२, मापं नावातच. नवा असताना मीटरवर तीन व्होल्टच्या थोडा वर, अडीचवर आला की गेलाच समजा. प्लग काढावा, मदरबोर्डावरच्या सेलच्या खाचेची पट्टी हलकेच दाबावी, सेल उडी मारून बाहेर येतो. नवा बसवताना अक्षरांची बाजू वर.

तरीही तेच वाक्य आलं, तर खाचेची पट्टी सैल किंवा गंजलेली आहे का ते बघावं. शेजारच्या तीन पिनांवरचा जंपर ‘क्लिअर’वर राहिला असेल, तर कितीही सेल बदला, नोंदी टिकणार नाहीत. दोन्ही ठीक असतील, तर मात्र दोष बोर्डातच.