न पोचलेला हुकूम

पराभूत सेनापतींची आत्मचरित्रे वाचताना मन थोडे सावध ठेवावे, असे आम्हांस नेहमी वाटते. हाइन्ट्स गुडेरियन या जर्मन रणगाडा-सेनापतीच्या आठवणींचे इंग्रजी भाषांतर १९५२ साली निघाले. हे पुस्तक हाती घेतले की ही सावधगिरी प्रथम विसरायला होते आणि काही प्रकरणांनंतर पुन्हा आठवते.

विसर पडतो तो मे १९४० च्या मोहिमेमुळे. १३ तारखेस सेदानजवळ म्यूज नदी ओलांडावयाची आणि २० तारखेस आबेव्हिल गाठावयाचे, ही धाव गुडेरियनने मोजक्या, कोरड्या वाक्यांत लिहिली आहे. तिला अलंकारांची गरजच नाही. वरिष्ठांनी १७ तारखेस त्यास थांबविले, तेव्हा त्याने रागाने अधिकारपद सोडले. मग केवळ ‘टेहळणी’ची परवानगी मिळाली. त्या एका शब्दाच्या आडोशाने तो पुढे सरकला; आणि आपले हुकूम वरिष्ठांच्या बिनतारी केंद्रांनी ऐकू नयेत म्हणून आघाडीच्या ठाण्यापासून मागील कचेरीपर्यंत त्याने चक्क टेलिफोनची तार टाकली! कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या वाचकास या युक्तीचे मर्म निराळे सांगावयास नको. पहिल्या महायुद्धात त्याने बिनतारी संदेशखात्यात काम केले होते. रणगाड्यागणिक संदेशयंत्र हवे, हा त्याचा आग्रह तेथूनच आला. कोणता हुकूम कोठून निघतो व कोठे पोचतो, याची जाण त्याच्याइतकी फार थोड्यांस असेल.

म्हणूनच १९४१ च्या रशियन मोहिमेचे प्रकरण आम्हांस खटकले. लाल सैन्यातील राजकीय अधिकारी पकडले जाताच त्यांस ठार करावे, असा हुकूम जर्मन सैन्यास होता. तो आपल्या रणगाडा-गटापर्यंत कधी पोचलाच नाही, असे गुडेरियन सांगतो. त्याच्या हाताखालील तुकड्यांनी स्वतः वर पाठविलेली इतिवृत्ते मात्र अशा हत्यांची नोंद देतात. आमच्या मते हा केवळ स्मृतिदोष नव्हे. सोयीचा हुकूम तारेने मागे नेणाऱ्यास गैरसोयीचा हुकूम वाटेत हरवलेला दिसावा, हा योगायोग फार नेटका आहे.

इंग्रजी आवृत्तीत लिडेल हार्ट या ब्रिटिश युद्धलेखकाचे ऋण मान्य करणारा एक परिच्छेद आहे. मूळ जर्मन पुस्तकात तो नाही. तो घालावा अशी विनंती खुद्द लिडेल हार्टनेच केली होती, हे पुढे पत्रव्यवहारावरून उघड झाले. प्रस्तावनाही त्याचीच! लेखकाने परक्या वाचकास खूश ठेवले, एवढे म्हणून आम्ही हा मुद्दा सोडतो.

डाइपेनहोफचा मुद्दा मात्र सोडवत नाही. डिसेंबर १९४१ मध्ये हिटलरने गुडेरियनला पदावरून दूर केले, मार्च १९४३ मध्ये रणगाडादळाचा महानिरीक्षक नेमले, आणि त्याच सुमारास जर्मनीने बळकावलेल्या पोलिश मुलुखातील सुमारे ९०० हेक्टरांची ही जहागीर त्यास बहाल केली. पुस्तकात ती सन्मान म्हणून येते. जमीन पोलिश मालकांकडून हिसकावलेली होती. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा जवळ येताच सेनापतीच्या पत्नीस ते घर सोडावे लागले, हे पुस्तकात नमूद आहे. तिच्याआधी तेथून ज्यांस निघावे लागले, त्यांच्याविषयी पुस्तक गप्प आहे.