पेर्सा पेन आणि संशोधकाची दृष्टि

माणिकगड व जिवती ज्या डोंगराळ मुलखांत आहेत तो १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. या जिल्ह्यांतील राजगोंडांवर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा ग्रंथ १९४८ सालीं लंडन येथें प्रसिद्ध झाला. कागदपत्रांस सरावलेल्या आपल्या संशोधकांनीं तो अवश्य वाचावा.

ग्रंथाचा खरा गुण वर्णनांत आहे. पेर्सा पेन हें गोंडांचें कुलदैवत. लोखंडी भाल्याचें टोंक व चवरी हीं त्याचीं चिन्हें. पुराणवस्तूंच्या यादींत त्यांस एक ओळ पुरेल. परंतु उत्सवांत परधान किंगरी वाजवून कुलकथा गातो, तेव्हां जमलेल्या कुळास लोखंड दिसत नाहीं, देव दिसतो. कुळाचे मृतही त्याच देवांत मिळालेले असतात. ग्रंथकर्ते देवाच्या खरेखोटेपणाचा वाद न घालतां ही प्रतीतिच नोंदवितात. एडमंड हुसर्ल (१८५९–१९३८) यांच्या तत्त्वज्ञानाची पहिली पायरी हीच : वस्तूच्या अस्तित्वाचा निर्णय तहकूब ठेवून ती अनुभवास कशी येते तें पाहावें. ग्रंथकर्ते हुसर्लचे अनुयायी होते असें आमचें म्हणणें नाहीं. साम्य केवळ दृष्टीचें आहे.

लिंगोनें गोंडांस गुहेंतून सोडविलें या कथेवरून कोणताही शक ठरणार नाहीं, हें खरें. पण देवसंख्येवरून पडलेले कुळांचे गट व त्यांच्यांतील सोयरिकीचे नियम त्याच कथांच्या आधारावर उभे आहेत. म्हणून ती कथा घटनेचा पुरावा नसली तरी प्रतीतीचा पुरावा आहे. या दोहोंची गल्लत मात्र होतां कामा नये.

एक गोष्ट वाचकानें जमेस धरावी. १९४० सालीं जोडेघाट येथें कुमराम भीमू मारला गेला. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत ग्रंथकर्त्यांनीं हें संशोधन केलें व पुढें ते निजाम सरकारचे सल्लागार झाले. जमीन व जंगल यांसाठीं नुकताच झगडलेला समाज परक्या पाहुण्यापुढें जसा प्रकट होईल, तसाच तो आपसांत असेल असें गृहीत धरतां येत नाहीं. देवाविषयींचा निर्णय तहकूब ठेवणाऱ्यानें स्वतःच्या स्थानाची तपासणीही केली पाहिजे.

जिवतीकडील परधानांच्या कथा आपल्या अभ्यासकांनीं स्थळ, प्रसंग व श्रोते यांसह टिपाव्या. केवळ शब्द उतरून घेतल्यास हातीं लोखंडच येईल.