संगणकचित्र आणि सहाध्यायांचा अभिप्राय

चित्र डोळ्यांनी पाहावयाचे असते. परंतु त्याविषयीचा विचार दुसऱ्यापर्यंत पोचवावयाचा तर भाषेवाचून गत्यंतर नसते. विद्यार्थिदशेत ही गोष्ट विशेष जाणवते. विद्यार्थी आपले चित्र सहाध्यायांपुढे ठेवतो तेव्हा त्याला हवी असते दुसऱ्याची नजर. त्याच्या हाती पडतात ते मात्र दुसऱ्याचे शब्द. या शब्दांत ती नजर जितकी उतरली असेल तितका अभिप्राय उपयोगी. संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रंगविलेल्या चित्रांविषयी विद्यार्थी एकमेकांना जे सांगतात, त्यात ती उतरते काय, आणि उतरत नसेल तर उणीव भाषेची की पाहण्याची, हा प्रश्न तपासून पाहण्याजोगा आहे.

गुहागरसारख्या गावी या प्रश्नाला अधिक धार येते. तेथील विद्यार्थ्याला मुंबईच्या जहांगीर कलादालनात वरचेवर जाता येत नाही. शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन पायऱ्या शाळेत चढून झाल्या की पुढील शिक्षणासाठी त्याला शेजारच्या चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथील कलाविद्यालय गाठावे लागते किंवा मुंबईचा रस्ता धरावा लागतो. साधनांची अडचण मात्र पूर्वीइतकी राहिलेली नाही. 'क्रिता' यासारखी चित्रप्रणाली विनामूल्य मिळते. स्वीडिश भाषेत या शब्दाचा अर्थ खडू असा आहे. रंग, कागद, कुंचले यांचा खर्च टळला. तथापि पाहणाऱ्या जाणत्या डोळ्याची गरज टळली नाही. चार सहाध्यायी हेच अशा विद्यार्थ्याचे प्रदर्शन, तेच त्याचे प्रेक्षक आणि तेच त्याचे टीकाकार. त्यांचे शब्द पोकळ निघाले, तर त्याच्या चित्राला टीका अशी लाभतच नाही.

एक उदाहरण कल्पावे. विद्यार्थ्याने 'गुहागरची सकाळ' या नावाचे चित्र रंगविले आहे. समोर समुद्र, क्षितिजावर नुकताच वर आलेला केशरी सूर्य, पाण्यावर त्याची झळाळती वाट, बाजूला माडांची रांग आणि आगराच्या कडेला चिऱ्याचे एक घर. या चित्रावर येणारे अभिप्राय स्थूलमानाने तीन प्रकारचे असू शकतात.

पहिला प्रकार 'भारी', 'कडक', 'एक नंबर' यांसारख्या उद्गारांचा. व्याकरणदृष्ट्या ही विशेषणे होत. पण त्यांचे विशेष्य कोणते हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. आकाश भारी, की माड भारी, की मित्र भारी? मालिनॉव्स्की यांनी 1923 मध्ये दाखवून दिले की, भाषेतील पुष्कळ उच्चार माहिती देण्यासाठी नसून माणसामाणसांतील संबंध राखण्यासाठी असतात. वाटेत भेटलेल्यास 'काय, बाजारात वाटतं?' असे विचारणारा उत्तराची अपेक्षा करीत नाही. 'भारी' हा उद्गारही त्याच जातीचा. तो मैत्रीचे काम करतो आणि त्या कामी तो खोटा नाही. चित्राविषयी मात्र तो काहीच सांगत नाही. त्याला टीका समजणे ही चूक ऐकणाऱ्याची होय.

दुसरा प्रकार वरवर पाहता अधिक जाणकारीचा. 'लेयर वाढव', 'ओपॅसिटी कमी कर', 'ब्रश बदल' ही त्याची वाक्ये. यातील परकीय शब्दांवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. पेन्सिल आणि कॅनव्हास मराठीत जसे रुळले, तसे हेही रुळतील. साधनाबरोबर साधनाचे नाव येते, हा भाषाव्यवहाराचा जुनाच न्याय आहे. आक्षेप आहे तो वाक्याच्या घडणीवर. ही सर्व वाक्ये आज्ञार्थी आहेत. काय करावे ते ती सांगतात. काय दिसले ते सांगत नाहीत. दोष न कळता उपाय केला की विद्यार्थी आज्ञाधारक होतो, पाहणारा होत नाही. एका चित्रात कमी केलेली ओपॅसिटी तो पुढल्या चित्रातही कमी करील आणि तिची खरी गरज कोठे होती हे त्याला कळणार नाही.

तिसऱ्या प्रकारचा अभिप्राय एका प्रश्नात मावतो: 'सकाळी सूर्य समुद्रातून कसा उगवला?' गुहागरचा किनारा पश्चिमाभिमुख आहे. तेथे सूर्य गावामागच्या डोंगरावरून वर येतो. सकाळी आगरातील माडांच्या सावल्या लांब होऊन समुद्राच्या दिशेने पडतात आणि पाण्यावर थेट सूर्याची वाट न दिसता मागून आलेला निवळ, थंड उजेड दिसतो. चित्रातील सूर्य, केशरी रंग आणि झळाळती वाट ही सारी गुहागरची संध्याकाळ आहे. किंवा कोठल्या तरी पूर्वकिनाऱ्यावरची, शिकवणीच्या नमुन्यातून उचललेली सकाळ आहे. चित्रकाराला सूर्य हवा तेथे ठेवण्याचे स्वातंत्र्य आहेच. पण चित्राला 'गुहागरची सकाळ' हे नाव देऊन त्याने स्वतःच एक कसोटी मान्य केली आहे. तो प्रश्न विचारावयास सौंदर्यशास्त्राचा अभ्यास लागत नाही. त्या वाळूवर सकाळी चाललेले असणे पुरते. मुंबईच्या टीकाकाराच्या नजरेतून जी चूक निसटू शकेल, ती गावच्या सहाध्यायाला सहज दिसावी. दिसूनही तो 'भारी' म्हणून थांबतो, येथे खरी हानी होते.

आता त्याच चित्रातील माडांकडे व घराकडे पाहावे. संगणकात झाडाचा तयार ठसा मिळतो. तो उमटवीत गेले की रांग तयार होते. परंतु माड बहुधा कलतो, पोफळ सरळ वर जाते, आणि दोहोंच्या खोडांवरील वलयांची चाल निराळी असते. चिऱ्याच्या भिंतीचेही तसेच. जांभ्याचा दगड सच्छिद्र असतो. गुळगुळीत तांबड्या रंगाने तो दाखविला तर ती भिंत रंग दिलेल्या पत्र्याची वाटू लागते. हे सांगावयास मराठीत शब्द आहे: पोत. मुळात वस्त्राच्या संदर्भात वापरला जाणारा हा शब्द द. ग. गोडसे यांनी 1963 मध्ये आपल्या ग्रंथाचे नाव म्हणून योजिला आणि कलाविचारात त्याला मानाचे स्थान मिळवून दिले. त्याआधी बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मांडली होती. घाट, उठाव, तोल, छटा हे शब्द तर कारागिरांच्या आणि गृहिणींच्याही बोलण्यातले. तेव्हा परिभाषेचे दारिद्र्य ही सबब टिकत नाही.

रंगांच्या बाबतीत हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. संगणक तांबडा, हिरवा व निळा या प्रत्येक प्रकाशरंगाच्या 256 पायऱ्या धरतो; त्यांच्या मिश्रणाने 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 रंग होतात आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक असतो. कोणत्याही भाषेत इतकी रंगनामे नाहीत, असण्याचे कारणही नाही. क्रमांक रंग ओळखून देतो. 'आमसुली', 'शेवाळी', 'मातकट', 'राखी' हे शब्द रंगाला एखाद्या पाहिलेल्या वस्तूशी जोडून देतात. 'भिंतीचा तांबडा आमसुलीकडे झुकला आहे, तो मातकट हवा' या वाक्यात दोष, दिशा आणि आधार तिन्ही आले. शिवाय एकच चित्र दोन पडद्यांवर सारखे दिसेलच असे नाही. म्हणून एखादा रंग गडद आहे असे म्हणण्यापेक्षा तो शेजारच्या रंगाहून किती गडद आहे हे सांगणे अधिक विश्वसनीय ठरते.

यावर असे म्हणता येईल की, होतकरू विद्यार्थ्याला दोषदर्शनापेक्षा उत्तेजनाची गरज अधिक असते. हे म्हणणे निराधार नाही. कठोर शब्दाने थांबलेला हात पुन्हा चालेलच असे नाही. पण उत्तेजन आणि टीका यांत विरोध मानण्याचे कारण नाही. मुंबईत 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे सहा तरुण प्रोग्रेसिव्ह गटात एकत्र आले, ते एकमेकांसारखे रंगवीत होते म्हणून नव्हे. त्या काळी वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी तरुण चित्रकार जमत, चित्रे दाखवीत आणि त्यांवर बोलणे होई. आपले काम कोणी तरी नीट पाहिले, हेच कलावंताला मिळणारे मोठे उत्तेजन. या सहांपैकी शिल्पकार सदानंद बाकरे पुढे इंग्लंडमध्ये राहून 1975 मध्ये परतले आणि 2007 मध्ये निधन होईपर्यंत दापोली तालुक्यातील मुरुड येथे राहिले. धोपाव्याहून दाभोळला खाडी ओलांडली की तो तालुका लागतो. मोठी कला मुंबईतच असते, ही समजूत गुहागरच्या विद्यार्थ्याने सोडून द्यावयास एवढे अंतर पुरेसे आहे.

संगणकचित्राने आणखी एक गोष्ट बदलली आहे. कागदावर खोडलेली रेघ मागे खूण ठेवते. पडद्यावर मागे घेतलेली रेघ मागमूस न ठेवता नाहीशी होते. पूर्ण झालेले चित्र पाहून विद्यार्थी कोठे अडखळला ते ओळखता येत नाही. यास्तव त्याने केवळ शेवटचे चित्र न दाखविता मधले टप्पेही दाखवावेत, आणि सहाध्यायाने चित्रातील एका जागेवर बोट ठेवून, तेथे काय दिसले ते आधी सांगून, मग काय करावे ते सुचवावे. बोट ठेवावयास जागा सापडत नसेल, तर अद्याप चित्र पाहिलेले नाही असे समजावे.

भाषेची श्रीमंती कोशातील शब्दसंख्येवर नव्हे, तर प्रसंगी योग्य शब्द ओठांवर येण्यावर मोजली जाते. पोफळ, चिरा, मातकट उजेड हे शब्द गुहागरच्या विद्यार्थ्याच्या घरात आहेत. ते चित्राविषयी बोलताना बाहेर काढावयाचे, की पाहुण्यांसाठी ठेवलेल्या भांड्यांप्रमाणे फळीवरच राहू द्यावयाचे, एवढाच निर्णय त्याने आणि त्याच्या सहाध्यायांनी करावयाचा आहे.